अठ्ठावन्न ते साठ

बाय, निरोपसमारंभ झाला, शाल-श्रीफळ घरी आलं, पोरांनी केलेली भेटकार्डं कपाटात गेली. आता जरा माझ्याजवळ बस. पुढचे दोन-तीन महिने तुझ्याकडे माणसांची ये-जा वाढणार आहे. मास्तरणीला ग्रॅच्युइटी आली, पेन्शन विक्रीचे पैसे आले, हे आपल्या गावात लपून राहत नाही. कुणी पॉलिसी घेऊन येईल, कुणी डबल करून देतो म्हणेल. चतुर्थीला मुंबईचे सगळे खळ्यात बसले की प्रत्येक जण टॅक्सवर सल्ला देईल. त्याआधी माझं ऐक. मी उभी नोकरी पोस्टाच्या काउंटरवर काढली. रिटायर झालेल्या बायांचे पैसे कुठे गळतात, ते मी काचेच्या आतून पाहिलंय.

आधी तुझी ती धास्ती काढून टाकते. न्यूजर्सीची वहिनी फोनवर म्हणाली, आम्ही रिटायर झालो की फ्लोरिडाला जाणार, तिथे राज्याचा इन्कम टॅक्स नाही. ते ऐकल्यापासून तुझ्या डोक्यात बसलंय, की महाराष्ट्र सरकारही पेन्शनीतून काहीतरी कापणार. नाही गो. आपल्या राज्यघटनेत हे वाटप स्पष्ट आहे: शेतीचं उत्पन्न सोडून बाकी उत्पन्नावर कर लावायचा अधिकार केंद्राचा, राज्याचा नाही. राज्याचा एकच हात तुझ्या पगारापर्यंत पोचत होता, तो म्हणजे व्यवसाय कर. पगारपत्रक आठव. दर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, मिळून वर्षाचे २,५००. महाराष्ट्राने तो १९७५ च्या कायद्याने लावला आणि २,५०० च्या वर राज्याला जाता येत नाही, कारण घटनेच्या २७६ व्या कलमातच ती मर्यादा आहे. शेवटच्या पगाराबरोबर तुझ्यापुरता तो संपला. पेन्शनवर व्यवसाय कर नसतो.

वहिनी म्हणते तेही खोटं नाही, पण तो तिच्या देशाचा प्रश्न. अमेरिकेत केंद्राचा कर वेगळा आणि राज्याचा वेगळा. फ्लोरिडा, टेक्सास काहीच घेत नाहीत. पेनसिल्व्हेनिया निवृत्तीच्या उत्पन्नाला हात लावत नाही. कॅलिफोर्निया पेन्शनवर कर घेतं. न्यूजर्सीत ठराविक उत्पन्नापर्यंतच सूट मिळते. पूर्वी तर माणूस राज्य सोडून गेला तरी जुनं राज्य त्याच्या पेन्शनवर कर मागायचं. १९९६ मध्ये तिथल्या काँग्रेसने कायदा करून ते बंद केलं. म्हणून तिकडची म्हातारी माणसं कुठे राहायचं हे ठरवताना टॅक्सचा तक्ता पुढ्यात घेऊन बसतात. आणि फ्लोरिडात गेल्यावर घराचा विमा इतका महाग, की वाचलेल्यातलं बरंच तिथे जातं, हे वहिनीला जरूर सांग.

आपल्याकडे पेन्शनर परळच्या चाळीत राहिला काय, देवबागेत येऊन राहिला काय, कर तोच. बेस्टमधून, गोदीतून, रेल्वेतून रिटायर होऊन गावी आलेले आपले चाकरमानी मोजत बसलीस तर वाडीगणिक सापडतील. त्यांच्यात गिरणीतले काका पण आहेत, ज्यांना ईपीएसची पेन्शन मिळते. तिचा किमान आकडा सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. त्यांना कराची भीती घालणाऱ्या माणसाचा मला खरोखर राग येतो. काकांना कर लागत नाही, त्यांना पेन्शन पुरत नाही. दोन्ही दुखणी एकाच तोंडाने बोलू नयेत. तसंच गोव्याचं. बांदा ओलांडून गोव्यात भाड्याने राहिलं की टॅक्स वाचतो असं कुणी सांगितलं, तर ते पेन्शनीला लागू नाही. गोव्याच्या नंबरची गाडी घेतली तरी ती बारा महिन्यांपेक्षा जास्त इकडे ठेवली की इकडे नोंदवावी लागते आणि इथला कर भरावा लागतो.

आता मुद्द्यावर येते. तू ३१ मे रोजी रिटायर झालीस, कारण शाळेच्या दाखल्यावर तुझी जन्मतारीख १ जून. आपल्या पिढीत निम्म्या वर्गाची जन्मतारीख १ जूनच असायची. सरकारने तुला अठ्ठावन्नाव्या वर्षी म्हातारी ठरवली. इन्कम टॅक्सचा कायदा मात्र साठ पूर्ण झाल्याशिवाय ज्येष्ठ म्हणत नाही. व्यवसाय करात माफी हवी असेल तर पासष्ट. एसटीत पासष्टीला अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीला फुकट. अर्धं तिकीट तर बाई म्हणून मार्च २०२३ पासून तुला मिळतंच आहे. प्रत्येक खिडकीवर म्हातारपणाचं वय वेगळं. तुझी अठ्ठावन्न ते साठ ही दोन वर्षं या खिडक्यांच्या मधल्या फटीत आहेत आणि बायांचे पैसे नेमके इथेच अडकतात. रिटायर झाले म्हणजे मी सीनियर, असं धरून त्या सगळीकडे सह्या करतात.

तुझाच हिशेब मांडून दाखवते. समज, विक्रीची रक्कम वजा होऊन तुला महिना ५०,००० पेन्शन हातात येते. वर्षाचे ६,००,०००. ग्रॅच्युइटी आणि विक्रीच्या पैशातले १५ लाख तू पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घातलेस. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी वर्षाला १,२३,००० व्याज, म्हणजे दर तिमाहीला ३०,७५० खात्यावर. एकूण ७,२३,०००. नव्या करप्रणालीत पेन्शनवर ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते, कारण पेन्शन कायद्याच्या नजरेत पगारच. उरले ६,४८,०००. पहिल्या ४ लाखांवर काही नाही, पुढच्या २,४८,००० वर पाच टक्के म्हणजे १२,४००. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्यामुळे ते १२,४०० रिबेटमध्ये माफ. भरायचे शून्य. हे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आकडे आहेत.

हाच हिशेब जुन्या प्रणालीत कर. वजावट ५०,००० ची, उरले ६,७३,०००. पाच लाखांच्या वर गेलीस, म्हणून तिथली माफी गेली. वयाच्या साठीआधी मोकळी मर्यादा अडीच लाखांचीच. दुसरी कुठलीही वजावट धरली नाही, तर उपकरासह कर जवळपास ४९,०००. तू नोकरीत असताना विमा, पीएफ, घरकर्जाच्या वजावटी दाखवून जुनी प्रणाली घ्यायचीस, ते तेव्हा योग्य होतं. आता पीएफ नाही आणि कर्ज फिटलं. सवयीने जुन्यावरच टिक केलीस, तर हे ४९,००० तू स्वतःच्या हाताने देशील. पेन्शन देणारं कार्यालय विचारेल किंवा नाही विचारणार. न विचारता नवीच धरतात, पण तू लेखी सांगून ठेव.

ज्या रकमा एकदम आल्या त्यांची चिंता करू नको. जिल्हा परिषद ही स्थानिक संस्था, त्यामुळे तुझी ग्रॅच्युइटी करमुक्त आणि पेन्शन विक्रीचे पैसेही करमुक्त. विकलेला भाग पंधरा वर्षांनी परत सुरू होतो, तेवढी तारीख डायरीत लिहून ठेव. तुझ्यानंतर लागलेल्या पोरींचं गणित वेगळं आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ मध्ये जो संप झाला, त्यात तूही त्यांच्यासाठी ओरोसला जाऊन उभी राहिलीस, ते मला फार आवडलं होतं. त्यांना एनपीएसमधून मिळणारी साठ टक्क्यांपर्यंतची एकरकमी रक्कम करमुक्त असते, पण उरलेल्यातून जी महिन्याची पेन्शन येते तिच्यावर कर लागतो. आणि तुझी वेतन आयोगाची थकबाकी एखाद्या वर्षी एकदम आली, तर रिटर्नआधी थकबाकीच्या सवलतीचा फॉर्म (१९६१ च्या कायद्यात १०-ई) भरायला विसरू नको. मागच्या वर्षांचे पैसे एकाच वर्षात पडल्यामुळे जो जादा कर दिसतो, तो त्याने कमी होतो.

पोस्टाच्या त्या योजनेत नाव ज्येष्ठ नागरिक असलं तरी पंचावन्न ते साठ या वयात रिटायर झालेल्यांना खातं उघडता येतं. निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज करायचा आणि जेवढे निवृत्तीचे मिळाले त्याहून जास्त टाकायचे नाहीत. जिल्हा परिषदेचे पैसे तुकड्या-तुकड्याने येतात, म्हणून कुठली रक्कम कोणत्या तारखेला जमा झाली त्याचा कागद जपून ठेव. काउंटरवर तोच मागतात.

इथेच पुढचा खड्डा आहे. साठ पूर्ण झालेल्यांचं वर्षाचं व्याज एक लाखापर्यंत असेल तर टीडीएस कापत नाहीत. तुझ्यासाठी ती मर्यादा ५०,००० आहे. तुझं व्याज १,२३,०००, म्हणजे दहा टक्क्यांनी १२,३०० कापले जाणार. मग कोणीतरी सांगेल, टीडीएस नको तर पंधरा-एच भरून टाक. १९६१ च्या कायद्यात तो फॉर्म साठीनंतरचा होता, तुला चालत नाही. साठीआधीचा तो पंधरा-जी, आणि दोघांमध्ये फरक होता. एचमध्ये रिबेट धरून कर शून्य होत असेल तरी चालतं असं स्पष्ट लिहिलं होतं, जीमध्ये तसं लिहिलेलं नव्हतं. तेव्हा ओढूनताणून सही करू नको. कापू दे. जुलैअखेर रिटर्न भर आणि ते १२,३०० परत घे. तुझं उत्पन्न चार लाखांच्या वर आहे, त्यामुळे कर शून्य असला तरी रिटर्न भरावाच लागतो. ज्या आर्थिक वर्षात तुला साठ पूर्ण होतील, त्या अख्ख्या वर्षासाठी तू ज्येष्ठ धरली जाशील. त्या एप्रिलपासून ज्येष्ठांचे नियम तुला लागू. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी नवा कायदा आलाय, कलमांचे आणि फॉर्मांचे नंबर बदललेत. म्हणून खिडकीवर जाशील तेव्हा चालू फॉर्म कुठला हे विचारूनच घे. पॅन आणि आधार जोडलेलं आहे ना, तेही तपास. जोडलेलं नसेल तर दहाच्या जागी वीस टक्के कापतात आणि तुझा डिक्लेरेशन फॉर्म कचऱ्यात जातो.

माझ्या काउंटरवर एक रिटायर्ड नर्सबाई यायची. हुशार, हजारो सुया टोचलेली बाई. एकदा मी विचारलं, हे पैसे कुठल्या स्कीममध्ये आहेत? म्हणाली, “माका त्यातला काय कळता? बँकेतल्या झिलान सांगल्यान, हयसर सही कर, मी केलंय.” पासबुक उघडून पाहिलं तर ग्रॅच्युइटीतला मोठा भाग दरवर्षी हप्ता मागणाऱ्या विमा पॉलिसीत गेलेला. साठी जवळ आलेल्या बाईला वार्षिक हप्ता! तिला वाटत होतं ती ठेव आहे. तुला म्हणून सांगते, बत्तीस पोरांच्या गुणपत्रिका तू न चुकता भरायचीस. एक वही घाल. पेन्शन किती आली, व्याज किती आलं, टीडीएस किती कापला, हे तारखेसह लिही आणि आयकराच्या पोर्टलवर तुझ्या नावावर दिसणाऱ्या रकमेशी ताडून बघ. भाच्याला पासवर्ड देऊन मोकळी होऊ नको. तो करील, मनापासून करील, पण कळलं तुलाच पाहिजे.

तुझ्या मोठ्या जाऊबाईंसाठी एक वेगळी गोष्ट. त्यांना भावोजींमागे कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. ती पेन्शन पगारात धरत नाहीत, इतर उत्पन्नात धरतात. म्हणून ७५,००० ची वजावट त्यांना नाही. त्यांना एक तृतीयांश किंवा २५,००० यांतलं जे कमी असेल ते, जुन्या प्रणालीत १५,००० पर्यंत. त्या तुझ्या रिटर्नची नक्कल करून भरतील, त्यांना आधीच सांग.

आता घरच्या उत्पन्नाकडे ये. मागच्या पडवीच्या दोन खोल्या नीट करून पर्यटकांना द्यायच्या म्हणतेस. जरूर दे. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा झाला, पण तारकर्ली-वायरीच्या घरातल्या बायांच्या हाती पैसा आला तो या खोल्यांनी आणि त्यांच्या हातच्या माशाच्या तिखल्याने. फक्त हे उत्पन्न पेन्शनमध्ये मिळवायचं असतं हे विसरू नको. ते धंद्याचं उत्पन्न, त्याचा रिटर्नचा फॉर्मही वेगळा. वर्षाची जमा वीस लाखांच्या आत असेल तोवर सेवेवर जीएसटीची नोंदणी लागत नाही. नोंदणी घेतलीस तर व्यवसाय कराचे ते २,५०० परत मागे लागतात, पासष्ट पूर्ण होईपर्यंत.

आंब्याच्या कलमांचं वेगळं. बाग तू कराराने दिलीस किंवा स्वतः पेट्या भरल्यास, ते शेतीचं उत्पन्न, करातून सुटलेलं. रिटर्नमध्ये मात्र दाखवायचं, कारण ते ५,००० च्या वर असेल आणि बाकीचं उत्पन्न मोकळ्या मर्यादेच्या वर असेल तर कराचा दर ठरवताना ते मोजतात. काजूची बी विकलीस तर शेती. बी भाजून, सोलून गर पाकिटात घालून विकलास तर त्यातला काही भाग धंद्यात जातो. कोकमाच्या सरबताच्या बाटल्यांचंही तसंच.

जमिनीबद्दल मात्र मी हात जोडून सांगते, घाईने सही करू नको. किनाऱ्यालगतची जमीन मागायला माणसं येतायत. गावातली खरीखुरी शेतजमीन विकली तर तिच्या नफ्यावर कर नाही. तीच बिनशेती झालेली असेल किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत वा तिच्या लगत असेल, तर दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के, आणि तो बारा लाखांच्या रिबेटमध्ये माफ होत नाही. शिवाय आपला सातबारा बघितलायस ना, आजोबांपासूनची नावं, त्यातली किती जण मुंबईत आहेत आणि किती जण देवाघरी गेले. एकीची सही घेऊन सौदा करू बघणारा माणूस तुला टॅक्सपेक्षा महागात पडेल.

राज्य सरकार पेन्शनीतून घेत नाही, पण घरखर्चातून घेतं, ते बघायचं असेल तर विजेचं बिल काढ. त्यात वीज शुल्काचे सोळा टक्के असतात, ते राज्याचे. पेट्रोलवर राज्याचा व्हॅट. घरपट्टी ग्रामपंचायतीची. यात तुझं वय कुणी विचारत नाही. पेन्शन थोडी असलेल्याला हेच जास्त बोचतं आणि मला हे मनापासून खटकतं. कमी उत्पन्नाच्या म्हाताऱ्या माणसाला आयकराची माफी देऊन उपयोग काय, तो ती घेण्याइतका कमावतच नाही. त्याला विजेच्या बिलात सवलत मिळाली तर खरी. एक बरं झालं, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा अठरा टक्के जीएसटी गेला. ४०,००० च्या हप्त्यामागे ७,२०० वाचतात. तुझी पॉलिसी चालू ठेव. बांबोळीच्या हॉस्पिटलात जायची वेळ आपल्याकडे कुणालाही येते.

आणि ते बक्षीसपत्र. मुलगा म्हणतोय घर आत्ताच नावावर करा, मुद्रांक शुल्क २०० रुपयेच लागतं. आकडा बरोबर आहे, राहतं घर किंवा शेतजमीन मुलाबाळांना बक्षीस द्यायला शुल्क तेवढंच, वर नोंदणीचा वगैरे खर्च. मुलगाही गुणाचा आहे. तरी मी नको म्हणते. मृत्युपत्र कर. त्याला मुद्रांक लागत नाही, आपल्या देशात वारसा कर १९८५ पासून नाही, आणि जिवंत असेपर्यंत घर तुझं राहतं. त्याला माझं नाव सांग, मोठ्या मावशीने अडवलं म्हणावं.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला. तुमच्या जिल्हा परिषदेच्या पेन्शनरांनी तो कुठे द्यायचा ते पंचायत समितीत आत्ताच विचारून ठेव. ऑनलाइन चालत असेल तर पोस्टमन घरी येऊन करतो, सत्तर रुपये घेतो. मागे आम्ही एका आजीच्या घरी गेलो होतो, तिचा अंगठा मशीन घेईना. जन्मभर काजू सोलून, चिकाने रेषाच पुसट झालेल्या. पोस्टमनने अंगठा पुसून बघितला, बाकीची बोटं बघितली, शेवटी मोबाइलवर चेहरा दाखवून झालं. तुझ्या हाताला खडूच लागला आहे, तुला अडचण येऊ नये. पण मोबाइल नंबर चालू असलेला हवा. तुझा जुना नंबर बंद केलास ना, मग तो बदलून घे. येत्या सोमवारी मी मालवणला येतेय. पॅन, आधार, पेन्शनचा आदेश आणि दोन्ही पासबुकं घेऊन पोस्टाच्या पायरीशी ये. बँकेतल्या त्या मुलाने काही सही करायला दिलंच, तर सोमवारपर्यंत थांब म्हणावं.